पांढऱ्या पेशींना पत्ता कोण देतं?

जुलैत आंबा घाटाच्या बाजूने पाऊस धरला की मलकापूरच्या आसपासची निम्मी माणसं गुडघाभर चिखलात असतात. चिखलणी, रोपलावण, फुटलेले बांध घालणं. अशा वेळी तळपायात करवंदीचा काटा मोडला तर तेव्हाच्या तेव्हा कळतंच असं नाही. संध्याकाळी पाय धुताना जागा लाल दिसते, हाताला गरम लागते. रात्री ठणका सुरू होतो. दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नाही, जांघेत अवधान येतं, आणि घरातलं जुनं माणूस बोटाने दाबून सांगतं, "अजून पिकलं नाही, फोडायला जाऊ नको." तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधोमध पिवळा ठिपका धरतो.

त्या ठिपक्यातला पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल. काटा मोडला तेव्हा त्या तळपायाच्या मांसात जवळजवळ नव्हत्याच. काही रक्तात फिरत होत्या, बऱ्याचशा कमरेच्या आणि मणक्याच्या हाडांतल्या मगजात होत्या. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. त्यांतल्या नेमक्या किती, नेमक्या कुठे आणि शिर न फाटता बाहेर कशा पडल्या, हा वैद्यकातला जवळपास दोनशे वर्षांचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आता बरंचसं हाती आलं आहे. मात्र पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ते जितकं नीटनेटकं दिसतं तितकं ते नाही.

पिकणं ओळखण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि कच्चं गळू कापणाऱ्या वैद्याला तिथे चांगलंच सुनावलं आहे. रोमच्या सेल्ससने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं नोंदवली. दोघांनीही बाहेरून जे दिसतं ते अचूक टिपलं. आत काय चाललं आहे हे कळायला सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली, आणि त्यानंतर बिचाऱ्या बेडकाची जीभ व आतड्याचा पडदा कामी आला. त्या पारदर्शक पडद्यात वाहतं रक्त दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच काहींनी पांढऱ्या पेशी शिरेच्या कडेकडेने संथ घरंगळताना पाहिल्या होत्या. १८४६ साली ऑगस्टस वॉलरने त्या बाहेर पडताना पाहिल्या. १८६७ साली बर्लिनमध्ये युलियस कोनहाइमने त्याचं असं तपशीलवार वर्णन केलं की पू रक्तातूनच येतो, याबद्दल फारशी शंका उरली नाही.

इथून एक वाद सुरू झाला. या सगळ्या विषयाची किल्ली मला त्या वादात दिसते. कोनहाइमचं म्हणणं होतं की बदल आधी शिरेच्या भिंतीत होतो; भिंत बिघडते म्हणून पेशी बाहेर पडतात. इल्या मेचनिकॉफला ते पटेना. १८८२ च्या अखेरीस सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या काचेसारख्या अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. अळीला ना रक्तवाहिन्या, ना भिंत. मग पेशींना कोणी बोलावलं? मेचनिकॉफच्या मते पेशी स्वतः शोधत येतात आणि गिळतात. १९०८ चं नोबेल त्याला पाउल एर्लिखबरोबर मिळालं. ओडेसातला त्याचा विद्यार्थी वाल्देमार हाफकिन पुढे प्लेगच्या साथीत मुंबईत आला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. एका गुरूच्या काट्याचा धागा असा आपल्या दारापर्यंत येतो.

भिंत की पेशी? आजचं उत्तर असं की पेशीला शोधता येतं, पण माणसाच्या अंगात उतरायची परवानगी भिंत देते. कोनहाइम भिंतीला बिघडलेली समजला, तिथे तो चुकला. भिंत बिघडत नाही, ती काम करते.

तळपायाकडेच पुन्हा पाहू. काटा घुसला की तिथे कायमच्या राहणाऱ्या पहारेकरी पेशी जाग्या होतात: मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज. मास्ट पेशी हिस्टामिन सोडते. बारीक शिरांच्या आतलं अस्तर एकेरी थराचं, फरशीसारख्या चपट्या पेशींचं असतं. त्या पेशींत पी-सेलेक्टिन नावाचं प्रथिन छोट्या पुरचुंड्यांत आधीच बांधून ठेवलेलं असतं. हिस्टामिन पोचलं की काही मिनिटांत ते आतल्या, म्हणजे रक्ताच्या बाजूच्या पृष्ठभागावर येतं. मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ सोडतात. त्यांच्या सांगण्यावरून अस्तर ई-सेलेक्टिन आणि आयकॅम ही प्रथिनं नव्याने बनवायला घेतं. त्याला तास लागतात. संध्याकाळी लाली आणि रात्री ठणका, यातलं अंतर काहीसं या घड्याळाचंही आहे.

रोहिणीत हे सहसा घडत नाही. घडतं ते केशवाहिन्या संपून शीर सुरू होते तिथे, केसाहून बारीक शिरांत. तिथे रक्ताचा वेग कमी असतो, तरी पेशीच्या मानाने तो प्रचंडच. सुमारे आठ मायक्रॉन व्यासाची पेशी सेकंदाला शेकडो मायक्रॉन वेगाने वाहत असते. ती भिंतीवरच्या खुणा वाचणार कधी? आंबा घाट उतरणारा ट्रक एकदम ब्रेक मारून थांबत नाही, आधी खालचा गिअर टाकून वेग मोडतो आणि मगच थांबतो. पेशीचंही तसंच आहे. सेलेक्टिन हा तिचा खालचा गिअर. त्याची पकड क्षणभर धरते आणि सुटते, पुढची धरते, ती सुटते. पेशी घरंगळू लागते आणि वेग सेकंदाला काही दहा मायक्रॉनांवर येतो.

या घरंगळण्यातच तिला भिंतीवर चिकटवलेले केमोकाइन जाणवतात. ही छोटी प्रथिनं रक्तात मोकळी वाहून गेली तर उपयोग शून्य, म्हणून अस्तर त्यांना साखरेच्या साखळ्यांवर अडकवून धरतं. न्यूट्रोफिलसाठी त्यांतलं नावाजलेलं म्हणजे १९८७ मध्ये सापडलेलं इंटरल्यूकिन-८. संदेश मिळाला की पेशीच्या अंगावरचे इंटेग्रिन नावाचे पकड घेणारे रेणू ताठ उभे राहतात. एरवी ते वाकून बसलेले असतात, आणि ते बरंच. नाहीतर प्रत्येक पांढरी पेशी प्रत्येक भिंतीला चिकटून बसली असती. ताठ झालेला इंटेग्रिन आयकॅमला पक्का धरतो. पेशी थांबते, चपटी होते, चाचपडत फट शोधते आणि अस्तराच्या दोन पेशींमधून, क्वचित थेट एका पेशीच्या अंगातून, पलीकडे जाते.

कॅलिफोर्नियातल्या यूजीन बुचरने १९९१ मध्ये ही पायऱ्यांची कल्पना मांडली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी कृत्रिम नळीत दाखवलं की वाहत्या प्रवाहात नुसता इंटेग्रिन पेशी थांबवू शकत नाही, आधी सेलेक्टिनवर घरंगळणं लागतंच. या कल्पनेचं खरं सौंदर्य आकड्यांच्या हिशोबात आहे. सेलेक्टिन थोडे, केमोकाइन पन्नासच्या आसपास, इंटेग्रिन काही मोजके. त्यांच्या जोड्या लावल्या की प्रत्येक जातीच्या पेशीला वेगळा पत्ता मिळतो. गळवात न्यूट्रोफिल, दम्याच्या फुप्फुसात इओसिनोफिल, आतड्यात आतड्याचे लिम्फोसाइट. पत्त्याचा एक भाग चुकला की पेशी उतरत नाही.

हे खरं असेल तर एखादी पायरी जन्मतः नसलेली माणसं असली पाहिजेत. ती आहेत, आणि त्यांच्या शोधात मुंबईचं नाव अनपेक्षितपणे येतं.

१९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एक नवा रक्तगट नोंदवला. साध्या तपासणीत ही माणसं ओ गटाची वाटतात, पण त्यांना ओ रक्तही चालत नाही. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा साखरेचा तुकडाच त्यांच्या लाल पेशींवर नसतो, आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं मात्र असतात. हाच बॉम्बे रक्तगट. भाटिया आणि साठे यांच्या १९७४ च्या पाहणीत मुंबईत साधारण ७,६०० माणसांत एक असं प्रमाण निघालं. युरोपात तो दहा लाखांत एखादा. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत तो निघाला की धावपळ होते, दात्यांच्या याद्या काढल्या जातात, कोणीतरी रात्रीची एसटी पकडतं.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, हाइफाच्या अमोस एट्झिओनी यांच्या गटाने दोन मुलांची हकीकत छापली. मुलांना वारंवार जंतुसंसर्ग, रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर, आणि जखमेत पू नाही. हिरड्या सडलेल्या, बौद्धिक वाढ खुंटलेली. आणि दोघांचा रक्तगट बॉम्बे. हा योगायोग नव्हता. एच तुकडा फ्यूकोज नावाच्या साखरेने पुरा होतो, आणि सेलेक्टिन पांढऱ्या पेशीवरची जी खूण पकडतं तिच्यातही फ्यूकोजच लागतं. या मुलांच्या पेशींत फ्यूकोज कारखान्यापर्यंत पोचतच नव्हतं. त्याची ने-आण करणारं प्रथिन बिघडलं असल्याचं २००१ मध्ये कळलं. त्यामुळे लाल पेशीवर एच नाही आणि पांढऱ्या पेशीवर सेलेक्टिनला धरायला काही नाही. पेशी घरंगळत नाहीत, रक्तातून नुसत्या वाहत राहतात. तुर्की वंशाच्या अशाच एका मुलाला तोंडाने फ्यूकोज दिलं, तेव्हा संसर्ग हटले आणि पेशींचा आकडा खाली आला. त्या पहिल्या मुलांना मात्र या उपायाने काही साधलं नाही.

इथे बॉम्बे गट असलेल्या मराठी वाचकाने घाबरून जायचं कारण नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांच्यात फ्यूकोज भरपूर असतं. बिघडलेलं असतं ते एच जागी फ्यूकोज जोडणारं विकर. सेलेक्टिनची खूण बनवणारं विकर वेगळं आणि ते शाबूत असतं. त्यांचं गळू सगळ्यांसारखंच पिकतं. पण एका रक्तपेढीतल्या कोड्यातून पांढऱ्या पेशीच्या पहिल्या पायरीचा माणसातला पुरावा मिळाला.

थांबण्याची पायरी नसलेली मुलं संख्येने जास्त आहेत. इंटेग्रिनचा सीडी-१८ हा भाग बनवणारं जनुक बिघडलं की पेशी घरंगळते पण थांबत नाही. या विकाराची पहिली खूण विलक्षण घरगुती आहे: बाळाची नाळ पडत नाही. एरवी आठ-पंधरा दिवसांत सुकून पडणारी नाळ महिना उलटला तरी तशीच, बेंबी लाल, आणि पू नाही. रक्तात पांढऱ्या पेशी मात्र कित्येकदा ३०,००० च्या वर. नाळ सुटायलाही न्यूट्रोफिल लागतात, हे या बाळांनीच शिकवलं. सीडी-१८ जवळजवळ नसलेली बहुतेक मुलं अस्थिमज्जा रोपण न झाल्यास दोन वर्षांच्या आत जातात. नात्यातल्या लग्नांत हा विकार जास्त दिसतो. फ्लो सायटोमेट्रीची एक तपासणी निदान करते, आणि ती जिथे होते अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था, म्हणजेच एकेकाळचं रक्तगट संदर्भ केंद्र.

आपल्याकडे आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरल्या दिवशी जातात, अगदी २८व्या आणि ४२व्या दिवशीही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी जी घरोघरीची पद्धत सिद्ध केली तिच्यावरच हे उभं आहे. २८व्या दिवशी नाळ शाबूत असेल तर साधा सीबीसी काढावा, एवढी एक ओळ त्यांच्या वहीत ठळक करायला खर्च काहीच नाही. विकार दुर्मीळ आहे, मान्य. पण दुर्मीळ विकाराची खूण इतकी उघडी क्वचितच असते.

सीबीसीचा विषय निघालाच आहे तर: रक्तातल्या न्यूट्रोफिलांपैकी जवळपास निम्म्या वाहत नसतात, कडेला रेंगाळत असतात. सुईत त्या येत नाहीत. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, जोरात पळून आलं, घाबरलं, की त्या प्रवाहात येतात आणि आकडा काही मिनिटांत ते काही तासांत चढतो. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाचा १४,००० चा रिपोर्ट पाहून लगेच वरची अँटिबायोटिक सुरू करणं ही आपल्याकडची जुनी सवय. आकडा रक्ताचा असतो, गळवाचा नसतो. वरच्या मुलांच्या रक्तात तर सर्वांत जास्त पेशी होत्या आणि जखमेत एकही नव्हती.

आता पाठ्यपुस्तकी आकृतीच्या तक्रारी. तिचा बराच भाग उंदराच्या वृषणाभोवतीच्या कागदासारख्या पातळ स्नायूत पाहिलेला आहे, कारण तिथे सूक्ष्मदर्शक लावणं सोपं. फुप्फुसाच्या केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षाही अरुंद; तिथे पेशी लांबट होऊन कशीबशी सरकते, घरंगळायला जागाच नाही. यकृतातल्या संथ पोकळ्यांतही सेलेक्टिनवाचून काम चालतं, तिथे सीडी-४४ नावाचं दुसरंच प्रथिन पेशीला धरतं. शिवाय उंदराच्या रक्तात न्यूट्रोफिल अल्पसंख्य, माणसाच्या रक्तात निम्म्याहून जास्त. म्हणून "पांढऱ्या पेशी अशा बाहेर पडतात" असं सरसकट वाक्य मला आता खटकतं. स्नायूत अशा पडतात, त्वचेत साधारण अशा. न्यूमोनियात वेगळ्या.

भिंत ओलांडल्यावरचा प्रवासही अलीकडेच दिसू लागला. झेब्रामाशाच्या शेपटीला जखम केली तर काही मिनिटांत जखमेच्या कडेने हायड्रोजन पेरॉक्साइडचा उतार तयार होतो आणि पेशी त्या दिशेने वळतात, हे २००९ मध्ये दिसलं. २०१३ मध्ये उंदरात आणखी एक गोष्ट दिसली: आधी पोचलेल्या काही न्यूट्रोफिल मरताना ल्यूकोट्राइन बी-४ चा संदेश वाढवतात आणि बाकीच्या थव्याने त्याच ठिकाणी झेपावतात. पू एका बिंदूत का साठतो याचं निदान एक कारण हे. मेचनिकॉफ इथे पूर्ण बरोबर ठरतो; भिंतीपलीकडे पेशी खरंच स्वतः शोधते.

त्या परतही जातात. न्यूट्रोफिल एकदा उतरली की तिथेच मरते, असं आम्ही सगळे शिकलो. २००६ मध्ये झेब्रामाशात काही पेशी जखमेकडून माघारी जाताना दिसल्या. २०१७ मध्ये कॅनडातल्या कुबेस यांच्या गटाने उंदराच्या भाजलेल्या यकृतातून निघालेल्या न्यूट्रोफिल फुप्फुसमार्गे हाडाच्या मगजात परतताना दाखवल्या. जंतू नसलेल्या इजेत ही माघार चांगली की वाईट, यावर अजून एकमत नाही.

औषधांची गोष्ट मात्र थोडी वेदनादायक आहे. सूज म्हणजे चुकीच्या जागी उतरलेल्या पेशी असतील, तर उतरणंच बंद करू. विचार इतका सरळ की त्यात पाणी मुरतंय हे कोणाला दिसलं नाही. पक्षाघातात आयकॅम अडवणारं प्रतिपिंड देऊन पाहिलं. २००१ मध्ये छापलेल्या निकालांत औषध मिळालेले रुग्ण जास्त दगावले. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी नटालिझुमॅब नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मेंदूत शिरणाऱ्या लिम्फोसाइटचा इंटेग्रिन ते झाकतं, आणि आजाराचे झटके खरोखर कमी होतात. पण फेब्रुवारी २००५ मध्ये ते मागे घ्यावं लागलं, कारण मेंदूवर पहारा ठेवणाऱ्या पेशीही अडल्या आणि एरवी निपचित पडलेल्या जेसी विषाणूने काही रुग्णांचा मेंदू पोखरला. कडक देखरेखीसह ते २००६ मध्ये परत आलं. सोरायसिसचं इफालिझुमॅब याच कारणाने २००९ मध्ये गेलं ते गेलंच. २०१४ चं वेडोलिझुमॅब टिकलं, कारण ते फक्त आतड्याच्या पत्त्यावरची खूण झाकतं.

आपल्याकडे या धड्याला आणखी एक पदर आहे. संधिवातात टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं उत्तम काम करतात. भिंतीला जागं करणारा मुख्य निरोप्याच ती गप्प करतात. पण क्षयाचे जंतू शरीराने पेशींचं कडं करून कोंडून ठेवलेले असतात आणि ते कडं टिकायला टीएनएफ लागतो. २००१ मध्येच इन्फ्लिक्सिमॅबनंतर उसळलेल्या क्षयाच्या नोंदी आल्या. म्हणून कोल्हापूर, मिरज किंवा पुण्यात हे इंजेक्शन लिहून देणारा संधिवाततज्ज्ञ आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी मागतो. ती रुग्णाला वाढीव खर्च वाटते. भारतात ती वगळणं म्हणजे आगीशी खेळ.

सगळ्यात नाजूक प्रकरण सिकलसेलचं, आणि ते आपलंच आहे. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घराघरात माहीत आहे. दुखण्याचा झटका येतो तो नुसत्या विळ्यासारख्या लाल पेशी अडकल्याने, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात बारीक शिरांच्या भिंतीला आधी न्यूट्रोफिल चिकटतात आणि त्यांना लाल पेशी अडकतात, असं उंदरांत दिसलं. मग पी-सेलेक्टिन झाकणारं क्रिझानलिझुमॅब २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढच्या मोठ्या चाचणीत ते नकली औषधापेक्षा सरस ठरलं नाही आणि २०२३ मध्ये युरोपने मंजुरी काढून घेतली. ते औषध नंदुरबारच्या रुग्णाला परवडणारं नव्हतंच. त्याच्या हातात आहे ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. ती गर्भातल्यासारखं हिमोग्लोबिन वाढवते म्हणून देतात, पण ती न्यूट्रोफिलही कमी करते, आणि तिच्या गुणातला काही वाटा या दुसऱ्या कामाचा आहे असं मानायला जागा आहे. म्हणून ती चालू असलेल्या रुग्णाच्या सीबीसीत डॉक्टर हिमोग्लोबिनबरोबर न्यूट्रोफिलचाही आकडा पाहतात, आणि तो ठरल्या मर्यादेखाली गेला की काही दिवस कॅप्सूल बंद ठेवतात.